ग्लिसरीनची पारख आणि रेणूंमधील ओढ

धान्य, गूळ, तूप, तेल, हळद, कापूस अशा मालाची पारख करण्याची विद्या व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मूठभर तूर तळहातावर घेऊन तिच्यातील ओल सांगणारे, तुपाचा थेंब बोटांत चोळून त्याची जात ओळखणारे जाणते लोक आजही पेढ्यांवर आढळतात. ही विद्या निराधार नाही. स्पर्श, गंध, चव, वजन, पातळपणा ही पदार्थाच्या अंतर्रचनेचीच बाहेर उमटलेली चिन्हे असतात. मात्र काही माल असा असतो की तेथे ही सारी चिन्हे खरी असूनही निर्णय चुकतो, आणि त्या चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही. ग्लिसरीन हा तसा माल आहे.

साबणाच्या धंद्यात जोडउत्पादन म्हणून मिळणारे ग्लिसरीन खोकल्याच्या औषधांत, टूथपेस्टमध्ये, क्रीममध्ये, केक आणि मिठाईत वापरले जाते. रंगहीन, गंधहीन, गोडसर, दाटसर आणि पाण्यात हवे तितके मिसळणारे असे हे द्रव्य आहे. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे दुसरे एक द्रव्यही रंगहीन, जवळजवळ गंधहीन, गोडसर, दाटसर आणि पाण्यात हवे तितके मिसळणारे आहे. पहिले पोटात गेले तर अपाय होत नाही. दुसरे मूत्रपिंडे निकामी करते. इतके भिन्न परिणाम असलेली ही दोन द्रव्ये बाहेरून इतकी सारखी का असावीत, याचे उत्तर रेणूंच्या रचनेत आणि रेणूरेणूंमध्ये असणाऱ्या ओढीत दडलेले आहे.

रेणूच्या आत आणि रेणूंच्या मध्ये

पाणी उकळून वाफ होते तेव्हा पाण्याचा रेणू मोडत नाही. ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन यांना बांधून ठेवणारे बंध वाफेतही शाबूत राहतात. मोडते ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड. या पकडीला आंतररेण्वीय बल म्हणतात. रेणूच्या आतील बंधांच्या मानाने ती बरीच दुबळी असते. तरीही पदार्थ वायू असावा की द्रव, तो कोणत्या तापमानाला उकळावा, किती दाट असावा आणि कशात विरघळावा, हे बहुतांशी तीच ठरवते.

ही पकड मुख्यतः तीन प्रकारची आहे. पहिली प्रत्येक रेणूत असते. रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हलते असल्यामुळे क्षणभर एका बाजूला त्यांची दाटी होते आणि ती बाजू किंचित ऋण, तर दुसरी किंचित धन ठरते. त्या क्षणिक असमतोलाने शेजारच्या रेणूतही तसाच असमतोल उत्पन्न होतो आणि दोघांमध्ये ओढ निर्माण होते. फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञाने १९३० साली हिचा उलगडा केला, म्हणून हिला लंडन बल म्हणतात. रेणू जितका मोठा आणि लांब, तितके इलेक्ट्रॉन अधिक आणि शेजाऱ्याशी स्पर्शही अधिक, म्हणून ही ओढ वाढत जाते. स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्यूटेन आणि मेणबत्तीतील मेण ही दोन्ही कार्बन व हायड्रोजन यांचीच संयुगे आहेत. पहिले वायू आणि दुसरे घन असण्याचे कारण साखळीच्या लांबीत आहे.

दुसऱ्या प्रकारची ओढ ध्रुवीय रेणूंमध्ये असते, आणि ती ओळखण्यासाठी रेणूची रचना नीट पाहावी लागते.

नोंदी आणि शिल्लक

दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात तेव्हा ती वाटणी नेहमी समान असतेच असे नाही. इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या प्रवृत्तीला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली तिचे मोजमाप मांडले. त्या मापाने हायड्रोजनचा आकडा २.२०, कार्बनचा २.५५, नायट्रोजनचा ३.०४, क्लोरीनचा ३.१६, ऑक्सिजनचा ३.४४ आणि फ्लोरीनचा ३.९८ येतो. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील फरक अल्प असल्याने त्यांचा बंध जवळजवळ समतोल असतो. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या बंधात मात्र ऑक्सिजनकडे ऋणभार आणि हायड्रोजनकडे धनभार स्पष्टपणे सरकतो. असा बंध ध्रुवीय होय.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. बंध ध्रुवीय दिसला की रेणूही ध्रुवीय असल्याचे ते मानून चालतात. वहीखात्याची सवय असलेल्या घरांत ही चूक समजावणे सोपे जावे. प्रत्येक ध्रुवीय बंध ही एक नोंद आहे. तिला रक्कम आहे तशी दिशाही आहे. रेणूची ध्रुवीयता म्हणजे या साऱ्या नोंदींची अखेरची शिल्लक. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन बंध आहेत आणि दोन्ही चांगलेच ध्रुवीय आहेत. परंतु हा रेणू सरळ रेषेत असल्याने एक ओढ उजवीकडे, तर तितकीच दुसरी डावीकडे जाते आणि शिल्लक शून्य राहते. पाण्याचा रेणू सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला आहे. तेथे दोन्ही नोंदी एकमेकींना रद्द करू शकत नाहीत, म्हणून पाणी ध्रुवीय ठरते.

कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार ध्रुवीय बंध असूनही ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे सममितीने वळलेले असल्याने रेणू अध्रुवीय राहतो. त्यातील एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन ठेवला की क्लोरोफॉर्म होते. मग सममिती मोडते आणि रेणू ध्रुवीय होतो. तथापि एवढ्यावरून क्लोरोफॉर्म अधिक तापमानाला उकळेल असे अनुमान केले तर ते फसते. क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंश सेल्सिअसला उकळते, तर अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे ७७ अंशांना. चौथ्या क्लोरीनमुळे इलेक्ट्रॉन वाढले आणि लंडन बल इतके वाढले की ध्रुवीयतेचा अभाव त्याने भरून काढला. म्हणून पहिल्या प्रकारच्या ओढीला किरकोळ समजून हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

तिसरी ओढ : हायड्रोजन बंध

हायड्रोजनचा अणू फ्लोरीन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांपैकी एकाला थेट जोडलेला असेल, तर तो जवळजवळ उघडा धनभार बनतो. शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनवरील न वाटलेली इलेक्ट्रॉनांची जोडी त्याला घट्ट धरते. हाच हायड्रोजन बंध. पाण्यातील असा एक बंध रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकाच बळकट असतो. तरीही आंतररेण्वीय बलांत तो सामान्यतः सर्वांत प्रभावी ठरतो. ‘थेट जोडलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रेणूत ऑक्सिजन आहे आणि हायड्रोजनही आहे, एवढे पुरेसे नाही. ॲसिटोनमध्ये दोन्ही आहेत, पण तेथील सारे हायड्रोजन कार्बनला जोडलेले असल्याने ॲसिटोनचे रेणू आपसांत हायड्रोजन बंध करू शकत नाहीत.

तेव्हा रचना समोर असता प्रश्न क्रमाने विचारावेत. रेणू किती मोठा आणि किती लांब आहे? त्यात ध्रुवीय बंध आहेत काय? असल्यास आकारामुळे ते एकमेकांना रद्द करतात काय? ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनला थेट जोडलेला हायड्रोजन आहे काय, आणि असल्यास किती ठिकाणी?

या प्रश्नांचे सामर्थ्य जवळजवळ समान वजनाच्या चार रेणूंवरून दिसते. ब्यूटेनचा रेणुभार ५८ आहे. तेथे केवळ लंडन बल आहे आणि ते उणे ०.५ अंशालाच उकळते. ॲसिटोनचा रेणुभारही ५८. तेथे ध्रुवीयतेची भर पडते आणि उत्कलनबिंदू ५६ अंशांवर जातो. सरळ साखळीच्या प्रोपेनॉलचा रेणुभार ६०. तेथे ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन आहे, म्हणून ते ९७ अंशांना उकळते. मोटारीच्या कूलंटमध्ये वापरल्या जाणाऱ्या एथिलीन ग्लायकॉलचा रेणुभार ६२. तेथे असे दोन हायड्रोजन आहेत आणि उत्कलनबिंदू थेट १९७ अंशांवर पोहोचतो. वजन जवळजवळ तेच असताना केवळ रचनेच्या फरकाने एक वायू आणि एक दाट द्रव झाले.

एकसारखी उत्तरे देणारे दोन रेणू

आता ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल यांना हेच प्रश्न विचारावेत. ग्लिसरीनमध्ये तीन कार्बनची साखळी आहे आणि प्रत्येक कार्बनला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एकेक गट, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, जोडलेला आहे. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये चार कार्बन आहेत. दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट आहेत आणि मधोमध दोन कार्बनांना सांधणारा एक ऑक्सिजन आहे. या मधल्या ऑक्सिजनला स्वतःचा हायड्रोजन नाही. तो शेजाऱ्याचा हायड्रोजन धरू शकतो, पण आपला देऊ शकत नाही. दोन्ही रेणूंत ऑक्सिजनचे अणू तीनच. दोन्ही ध्रुवीय, दोन्ही हायड्रोजन बंध करणारे. म्हणून दोन्ही पाण्याशी सहज एकरूप होतात, दोन्ही दाटसर असतात आणि दोन्हींचे उत्कलनबिंदू बरेच उंच असतात. ग्लिसरीनचा सुमारे २९० अंश, तर डायएथिलीन ग्लायकॉलचा सुमारे २४५ अंश.

शुद्ध स्वरूपात ही दोन्ही शेजारी ठेवली तर फरक कळतो. तिसऱ्या हायड्रॉक्सिल गटामुळे ग्लिसरीनमधील पकड अधिक गुंतागुंतीची होते आणि ते कितीतरी पटींनी दाट असते. एक लिटर ग्लिसरीनचे वजन सुमारे १.२६ किलो, तर तितक्याच डायएथिलीन ग्लायकॉलचे सुमारे १.१२ किलो भरते. परंतु ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळले तरी त्याची घनता आणि दाटपणा उतरतो. दोन्ही द्रव्ये एकत्र झाली, किंवा साखरेच्या पाकात जाऊन सिरप बनले, की बोटांना, जिभेला आणि काट्यालाही भेद सांगता येत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा, की रचना माहीत असेल तर तिच्यावरून बल आणि बलावरून गुणधर्म सांगता येतात, पण उलट दिशेने तो प्रवास तितक्या भरवशाने करता येत नाही. सारखी ओढ असलेले अनेक रेणू असू शकतात. द्रव दाट आहे, गोड आहे, पाण्यात मिसळते, यावरून त्यात हायड्रोजन बंध करणारे गट असावेत असा तर्क होईल. तो पदार्थ ग्लिसरीनच आहे, हे त्यावरून ठरत नाही.

शरीराचा न्याय मात्र रचनेवर चालतो. यकृतातील विकरे रेणूचा सांगाडा ओळखतात. ग्लिसरीन हा तेलातुपाच्या पचनातूनही निर्माण होणारा पदार्थ असल्याने शरीर त्याचा उपयोग करून घेते. डायएथिलीन ग्लायकॉलचे रूपांतर शेवटी डायग्लायकोलिक आम्लात होते आणि ते मूत्रपिंडाच्या पेशी मारते.

इतिहासाने दिलेले दाखले

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड या जंतुनाशक औषधाचे द्रवरूप बाजारात आणायचे होते. या औषधाच्या रेणूत एक अध्रुवीय कडे आणि काही ध्रुवीय गट आहेत. केवळ पाण्यात ते पुरेसे विरघळत नव्हते. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये कार्बनच्या साखळीची आणि हायड्रोजन बंधाची, अशी दोन्ही प्रकारची ओढ असल्याने ते सहज विरघळले. विद्राव्यतेचा हिशेब बरोबर होता. कंपनीने त्या मिश्रणाची चव, रंगरूप आणि सुवास तपासला. ते विषारी आहे काय, हे तपासले नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत अनेक बालके होती. तत्कालीन कायद्याखाली मुख्य दोष ठरला तो नावाचा. ‘एलिक्झिर’ या शब्दाने अल्कोहोल असल्याचे सूचित होते आणि या औषधात अल्कोहोल नव्हते. विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करण्यास भाग पाडणारा कायदा तेथे १९३८ साली झाला तो या आपत्तीनंतरच.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्णांचा मृत्यू झाला. ग्लिसरीन पाण्याला धरून ठेवते, या गुणाचा उपयोग करून ते मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी पोटातून दिले जात असे. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगापुढे या पुरवठ्याची सारी साखळी उघडी पडली.

२००६ सालचे पनामाचे प्रकरण व्यापाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक अभ्यासावे असे आहे. चीनमधून निघालेली ४६ पिंपे स्पेनमधील दलालामार्फत पनामाला पोहोचली. कागदपत्रांवर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन असे लिहिले होते. मार्गात कागद बदलत गेले आणि मूळ उत्पादकाचे नाव गळाले. प्रत्येक हाताने आधीच्या हातावर विश्वास ठेवला आणि कोणत्याही टप्प्यावर मालाची तपासणी झाली नाही. सरकारी औषधनिर्मितीत तो माल सर्दीच्या औषधात गेला आणि शंभराहून अधिक लोक मरण पावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियात सापडलेल्या, भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. त्यांच्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल आढळले होते. त्या देशात त्या वर्षी सुमारे ७० बालके मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली. १ जून २०२३ पासून भारतातून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपची ठरावीक प्रयोगशाळांत तपासणी बंधनकारक झाली.

ओढीनेच ओढीचा निवाडा

या दोन द्रव्यांना वेगळे करणारी तपासणी आंतररेण्वीय बलांवरच उभी आहे, ही गोष्ट समाधान देणारी आहे. वायुवर्णलेखन या पद्धतीत नमुन्याची वाफ करून ती एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून पाठवतात. नळीच्या आतल्या बाजूस एका पदार्थाचा पातळ थर असतो. प्रत्येक रेणू त्या थराला आपापल्या ओढीनुसार बिलगतो आणि सुटतो. कोणाची बाष्पशीलता अधिक आणि पकड सैल, तो आधी बाहेर पडतो. ज्याची पकड घट्ट, तो मागे रेंगाळतो. बोटांना जो फरक एकाच क्षणात घेता येत नाही, तो नळीच्या लांबीभर हजारो वेळा घडलेल्या धरण्या-सोडण्यातून मिनिटांच्या अंतराने स्पष्ट होतो. सिलिकाच्या पातळ पट्टीवर नमुन्याचा ठिपका चढवून केली जाणारी साधी चाचणीही याच तत्त्वावर चालते.

औषधात जाणाऱ्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल यांची मर्यादा ०.१ टक्का मानली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार खेपेतील एखाद्या पिंपाचा नव्हे, तर प्रत्येक पिंपाचा नमुना तपासावा लागतो. खोकल्याच्या सिरपमध्ये वापरले जाणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉल यांनाही हीच दक्षता लागू पडते, कारण तेही हायड्रॉक्सिल गटांचे, गोड आणि पाण्यात मिसळणारे पदार्थ आहेत.

रसायने, औषधे, सौंदर्यप्रसाधने किंवा खाद्यपदार्थ यांचा व्यवसाय करणाऱ्या पेढीसाठी यातून काही साधे नियम निघतात. औद्योगिक प्रतीचे आणि औषधी प्रतीचे द्रव्य एकाच वखारीत शेजारी ठेवू नये. एकाचे पिंप धुऊन दुसऱ्यासाठी वापरू नये. मूळ उत्पादकाचे नाव, खेपेचा क्रमांक आणि त्याच खेपेचे तपासणीपत्र यांवाचून माल पुढे जाऊ देऊ नये, आणि ते पत्र मध्यस्थाने नव्याने टंकलेले असेल तर ते पुरावा म्हणून धरू नये. दर बाजारभावापेक्षा बराच उतरलेला असेल तर त्याचे कारण आधी शोधावे, कारण डायएथिलीन ग्लायकॉल स्वस्त असणे हेच या भेसळीचे मूळ कारण ठरत आलेले आहे. नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि तिचा खर्च मालाच्या किमतीत धरावा.

घरातील विद्यार्थी आंतररेण्वीय बलांचे प्रकरण वाचत असेल, तर त्याच्यापुढे ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल यांची रचना काढून ठेवावी. कोणता रेणू किती हायड्रोजन देऊ शकतो, किती धरू शकतो, कोणाचा उत्कलनबिंदू उंच असेल, हे त्याने स्वतः सांगावे. मग दोघांचे हायड्रॉक्सिल गट मोजून झाल्यावर पेढीवरच्या थोरांनी त्याला एवढेच विचारावे, की ही आकृती समोर नसती आणि केवळ पिंप समोर असते, तर त्यात काय आहे हे त्याने कशावरून सांगितले असते.